‘फ्री फिटिंग’ बंद करा : गॅस गीझर विकणाऱ्या माझ्या दुकानदार मित्रांना



निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवसापासून आमच्या नाशिकच्या दुकानात गीझरची चौकशी वाढते. नोव्हेंबर ते जानेवारी हा आपला सीझन. गेल्या व्हिडिओत सीझनचा स्टॉक कसा भरायचा ते सांगितलं. त्यावर एका दुकानदार भावाने विचारलं, “समोरचा फ्री फिटिंग देतो, मी काय देऊ?”

व्हिडिओत उत्तर द्यायला तीस सेकंद मिळाले असते. हा विषय तीस सेकंदांचा नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. गॅस गीझरवर फ्री फिटिंग देऊ नका. समोरचा देत असेल तर देऊ द्या. जागा बघितल्याशिवाय गॅस गीझरचं बिल फाडू नका, आणि बाथरूमच्या आत लावायचा असेल तर विकूच नका. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

“मास्तर, धंदा शिकवायला बसलात आणि गिऱ्हाईक घालवायला सांगताय?” असं म्हणाल. पूर्ण वाचा, मग बोला.

मी स्वतः काय केलं होतं

दुकानात बसायला लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. बीबीए नुकतंच झालेलं, डोक्यात फक्त सेल वाढवायचं. दुकानाबाहेर बोर्ड लावला : ‘गॅस गीझरवर फिटिंग मोफत’. त्या हिवाळ्यात बॉक्स भराभर गेले. फिटरला पीसमागे ठरलेले पैसे द्यायचो. तो दिवसाला चार-पाच ठिकाणी जायचा. जिथे पाण्याची लाइन जवळ, तिथे दोन स्क्रू मारायचा, पाइप जोडायचा, पेटवून दाखवायचा आणि पुढच्या घरी. पाण्याची लाइन जवळ कुठे असते? बाथरूममध्ये.

एक शाळेतले सर होते. त्यांच्याकडेही तसाच बसवला. सिलिंडर बाहेर, गीझर आत, नळाच्या वर. जानेवारीतल्या एका रविवारी घरातले एकामागोमाग एक आंघोळीला गेले. शेवटी त्यांची दहावीतली मुलगी केस धुवायला गेली. दार बंद, खिडकी बंद, कारण थंडी. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला, हाकेला ओ आली नाही. दाराची कडी जुनी होती, धक्क्यात निघाली. मुलगी खाली पडलेली.

आधी सगळ्यांना वाटलं फिट आली. दवाखान्यातही सुरुवातीला तसंच वाटलं. मग डॉक्टरांनी विचारलं, “घरात गॅस गीझर आहे का?” रक्त तपासलं तेव्हा कळलं.

मुलगी वाचली. पुढे बरेच आठवडे तिचं डोकं दुखायचं, वाचलेलं लक्षात राहायचं नाही. आणि वर्ष दहावीचं.

सर दुकानात आले. मला वाटलं भांडतील, मी तयारीत होतो. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “भाऊ, तुम्हाला हे माहीत होतं का?”

मला माहीत नव्हतं. बॉक्समधलं माहितीपत्रक मी कधी उघडलंच नव्हतं. पण “माहीत नव्हतं” हे उत्तर देताना माझी मान खाली गेली, ती आजही त्या आठवणीने जाते. मी विकत होतो ना? मग मला माहीत असायला हवं होतं.

गिऱ्हाईक चुकीच्या गोष्टीला घाबरतं

काउंटरवर बघा. गॅस गीझर घ्यायला आलेला माणूस हमखास विचारतो, “स्फोट तर होणार नाही ना?” मग आपण सांगतो, “सिलिंडर बाहेर ठेवा, काळजी नको.” तो निर्धास्त होतो, आपणही.

दोन प्रश्न कोणीच विचारत नाही : या जाळाला हवा कुठून मिळणार? आणि जळून झालेला वायू कुठे जाणार?

साधा हिशोब करू. आपण ‘सहा लिटरचा’ म्हणून विकतो तो गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी गरम करतो. त्यासाठी आत दहा-बारा किलोवॉटचा जाळ लागतो. बाथरूममधला विजेचा गीझर साधारण दोन किलोवॉटचा असतो, म्हणजे अंदाज येईल. दहा मिनिटं चालला तर दीडशे ग्रॅमच्या वर एलपीजी जळतो. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे ७५ घनफूट हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो.

आता आपली फ्लॅटमधली बाथरूम घ्या. चार बाय सहा, उंची आठ फूट. झाली १९२ घनफूट. म्हणजे एका आंघोळीत त्या खोलीतल्या एक तृतीयांशापेक्षा जास्त हवेचं काम तमाम. दाराच्या फटीतून थोडी हवा येते म्हणून पहिला माणूस शीळ घालत बाहेर येतो. तिसऱ्याच्या वाट्याला काय उरलं ते तुम्हीच बघा.

ऑक्सिजन कमी झाला की जाळ अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला येणारा वास कंपनी मुद्दाम मिसळते, गळती कळावी म्हणून. तोही गॅस जळताना जळून जातो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. ठसका लागत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. धोका कळेपर्यंत कडीपर्यंत हात पोचत नाही. म्हणून “काही झालं तर बाहेर येईन की” हे बोलणं पोकळ आहे.

आपल्याकडे हे इतक्या वेळा घडलं आहे की डॉक्टरांच्या लिखाणात त्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच पडलंय.

“पण आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे”

हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. यातली गोम समजून घ्या, कारण इथे हुशार फिटरही फसतात.

गीझरला वरून फ्ल्यू पाइप म्हणजे धुराडं जोडलेलं आहे. गरम वायू हलका, तो आपल्या बळावर वर जातो. हे बळ अगदी नाजूक असतं. आता त्याच बंद खोलीत एक्झॉस्ट फॅन सुरू केला. फॅन हवा बाहेर ओढतो, आत हवेचा दाब कमी होतो, आणि नवी हवा मिळेल तिथून आत येते. दार बंद, खिडकी बंद, मोकळा रस्ता उरला कोणता? धुराड्याचा. म्हणजे वर जाणारा वायू उलटा फिरून खोलीत येतो. स्वयंपाकघरातली मोठी चिमणीसुद्धा हेच करू शकते.

दुसरी गोम डक्टची. बऱ्याच इमारतींत सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. गीझरचा पाइप त्या डक्टमध्ये सोडला, म्हणजे आपला वायू वरच्या काकूंच्या बाथरूममध्ये. हे व्हेंटिंग नव्हे.

तिसरी, ड्राय बाल्कनी. बाल्कनीत गीझर लावणं चांगलंच, पण ती उघडी असेल तर. गीझर बसवताना उघडी असते, दोन वर्षांनी स्लायडिंगच्या काचा बसतात आणि बाल्कनीची खोली होते. गीझर तिथेच राहतो. म्हणून मी विचारतो, “पुढे बाल्कनी बंद करणार आहात का?” हो म्हणाले तर आजच तशी सोय करायची.

चौथी, “यात सेफ्टी सेन्सर आहे.” असतो, पण कशाचा ते वाचा. जाळ विझला तर गॅस बंद करणारा सेन्सर वेगळा, पाणी जास्त तापलं तर बंद करणारा वेगळा, वीस मिनिटांनी बंद करणारा टायमर वेगळा. यातला एकही कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. काही मॉडेलमध्ये ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद होणारी सोय असते, ती चांगलीच. पण ती शेवटची ढाल आहे. तिच्या भरवशावर गीझर बाथरूममध्ये लावायचा परवाना मिळत नाही.

बाथरूममध्ये गरम पाणी हवं, गीझर नव्हे

फिटरांना शिकवताना मी हेच वाक्य फळ्यावर लिहितो. गीझर बाहेर लावा, गरम पाण्याची लाइन आत न्या. दहा-पंधरा फूट पाइप जास्त लागेल, सुरुवातीला अर्धी बादली गार पाणी येईल. बस, एवढीच किंमत.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षेच्या नियमांनुसार बाथरूममध्ये फक्त ‘रूम-सील्ड’ उपकरण लावता येतं, म्हणजे ज्याला हवा बाहेरून मिळते आणि ज्याचा वायू बाहेरच जातो, खोलीशी संबंधच नाही. आपल्या बाजारातला साधा गीझर तसा नसतो. तो खोलीतलीच हवा घेतो.

माझ्या दुकानाची पद्धत सांगतो. उतरवून घ्या.

१. आधी जागा. माणूस जाऊन बघतो किंवा गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतं. पहिली पसंती बाहेरची उघडी भिंत किंवा उघडी बाल्कनी, वर पावसाचं आडोसं. स्वयंपाकघरात लावायचा तर कायम उघडी राहणारी जाळी आणि फ्ल्यू पाइप हवाच. बाथरूम, बेडरूम, जिन्याखालची कोंडलेली जागा, पोटमाळा : नाही.

२. मॉडेल जागेप्रमाणे. ज्याच्या डोक्यावर फ्ल्यूचं गोल तोंडच नाही, नुसत्या फटी आहेत, तो घरात लावायचाच नाही. आणि एलपीजीचा गीझर पाइपलाइनच्या गॅसवर चालवायचा नाही. जेट बदलून ‘जमवून’ देणारे फिटर भेटतात, त्यांना नमस्कार करा.

३. पाइप धातूचाच. पीव्हीसी नाही, चिकटपट्टीने जोडलेली चंदेरी नळीही नाही. साध्या नैसर्गिक ओढीच्या गीझरला आधी सरळ वर जाऊ द्या, बेंड कमीत कमी, आडवा भाग छोटा आणि बाहेरच्या टोकाकडे चढता. फॅनवाल्या मॉडेलचं गणित वेगळं, त्यात पाइपचा उतार बहुधा बाहेरच्या बाजूला मागतात, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. जे माहितीपत्रकात असेल ते. टोकाला टोपी, आणि ते टोक कुठल्याही खिडकीखाली, डक्टमध्ये किंवा पोटमाळ्यावर सोडायचं नाही.

४. गॅसची बाजू. आयएसआय मार्कचा रेग्युलेटर आणि नारंगी सुरक्षा होज. तिच्यावरची तारीख बघा, पाच वर्षांनी बदलायचीच. शेगडीच्या नळीला मध्येच टी मारून गीझर जोडायचा नाही. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी पेटवून नाही.

५. उदबत्तीची परीक्षा. ही मला फार आवडते. सगळी दारं-खिडक्या बंद करा, घरातले एक्झॉस्ट आणि चिमणी सुरू करा, गीझर पाच मिनिटं चालवा. मग गीझरच्या वर, जिथे पाइप सुरू होतो तिथल्या फटीजवळ पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर पास. धूर तुमच्या तोंडाकडे आला तर नापास. गीझर लगेच बंद करा, खिडक्या उघडा. नापास गीझर गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचा नाही, मग ते कितीही घाई करोत. पास झाला म्हणून बाथरूममध्ये चालेल असा अर्थ मात्र काढू नका.

६. समजावणं. जाळ निळा हवा. पिवळा दिसला, काजळी धरली, तर गीझर बंद आणि आम्हाला फोन. वर्षातून एकदा, सीझनच्या आधी, बर्नर साफ आणि पाइप तपासून घ्या. पाखरं धुराड्यात घरटं करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तोही दाखवा. पण गॅस गळतीचा अलार्म आणि हा अलार्म एक नव्हे. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर खाली असतो. काउंटरवर एकाच्या जागी दुसरा देऊ नका.

आणि हेही प्रत्येकाला सांगा : आंघोळीत कोणी बेशुद्ध पडलं तर श्वास रोखून आत जा, दार-खिडकी उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना न विसरता सांगा की गॅस गीझर चालू होता. कोविडपासून घराघरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय. यात त्याच्यावर भरवसा ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला चांगलंच दिसतं, आकडा ९८ दाखवेल आणि माणूस मरणाच्या दारात असेल.

आता धंद्याचं बोलू

“मोफत” या शब्दातच सगळा घोळ आहे. फिटिंग मोफत दिलं की ते कोणाच्याच लेखी काम राहत नाही, उरकायची गोष्ट होते. फिटरला पीसमागे पैसे, त्यामुळे तो घाई करणार. पाइपचे पैसे कोणी देणार नाही, त्यामुळे पाइप लागणार नाही. भिंतीला भोक पाडायला वेळ जातो, त्यामुळे भोक पडणार नाही. फिटरला शिव्या देऊन उपयोग नाही. आपण दर असा ठरवलाय की नीट काम करणाऱ्याचं नुकसान होतं.

मी दर बदलला. जागा बघायचे वेगळे पैसे, खरेदी केली तर बिलात वळते. फिटिंग आणि फ्ल्यूचे वेगळे पैसे, पाइप फुटाप्रमाणे. फिटरला पीसमागे नाही, तर कामाच्या वेळेप्रमाणे मजुरी, आणि उदबत्तीच्या परीक्षेचा व्हिडिओ आल्यावरच पेमेंट. तो व्हिडिओ बिलाच्या नंबराने माझ्याकडे राहतो.

पहिल्या सीझनला गिऱ्हाईक तुटलं, खोटं कशाला सांगू. बाबा जेवताना बोलायचे नाहीत माझ्याशी. पण दुसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली. ज्यांना मी “तुमच्या बाथरूममध्ये लावणार नाही” म्हणालो होतो, त्यांतले काहीजण विजेचा गीझर घ्यायला माझ्याकडेच आले, आणि शेजाऱ्यांनाही घेऊन आले. “हा माणूस नाही म्हणतो,” ही माझी जाहिरात झाली. आज सर्व्हिसिंगचं उत्पन्न सीझनच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थंड महिन्यांत येतं. बॉक्सवरच्या मार्जिनपेक्षा ते भरवशाचं आहे.

कायद्याचंही ऐका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी फक्त कंपनीवर नाही. विकणारा आणि सेवा देणारा यांच्यासाठी स्वतंत्र कलमं आहेत. सदोष सेवा आणि पुरेशी सूचना न देणं, दोन्ही त्यात येतं. माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. काही दुकानदार “गिऱ्हाइकाच्या जबाबदारीवर बाथरूममध्ये लावला” असं लिहून सही घेतात. मी म्हणतो, ज्या कामासाठी अशी सही घ्यावीशी वाटते, ते काम चुकीचं आहे हे तुम्हाला आधीच माहीत आहे.

“दहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही”

गिऱ्हाईक हे म्हणणारच. भांडू नका. एवढंच विचारा, “दहा वर्षांत घरात काय काय बदललं?” जुन्या लाकडी खिडकीच्या जागी घट्ट बसणारी स्लायडिंग आली. दाराखाली फट होती, तिथे पट्टी बसली. माणसं वाढली. बर्नरवर काजळी धरली. गीझर तोच, हवा मात्र तेवढी राहिली नाही.

आणि भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांचं काय? भिंतीला भोक पाडता येत नाही, विजेचं बिल परवडत नाही. त्यांची अडचण खरी आहे, तिची थट्टा करू नका. त्यांना विजेचा छोटा गीझर हप्त्यावर द्या, मालकाशी बोलायला मदत करा, नाहीतर सरळ सांगा की पातेल्यात पाणी तापवून बादलीत घेतलेलं बरं. स्वस्तातला गीझर त्यांच्या बाथरूममध्ये टांगणं ही मदत नाही.

ज्यांनी आधीच लावून दिलेत, त्यांनी जुनी बिलं काढा. मी काढली होती. एकेका घरी फोन केला, जमतील तेवढे गीझर बाहेर काढून दिले, काही स्वतःच्या खर्चाने. दोन जणांनी फोनवर शिव्या घातल्या. बाकीच्यांनी चहा पाजला. सरांचा गीझर तर मी स्वतः जाऊन काढला होता, त्यांनी तो परत लावायला सांगितला नाही.

या आठवड्याचं काम एकच : तुमच्या दुकानातल्या गॅस गीझरचा एक बॉक्स उघडा आणि आतलं माहितीपत्रक फिटरसोबत बसून वाचा, ‘बसवण्याची जागा’ या पानापासून सुरुवात करा. मग फ्री फिटिंगचा बोर्ड ठेवायचा की काढायचा, ते तुम्हीच ठरवा.

उदबत्तीची परीक्षा पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष करून दाखवतो. फिटरला सोबत घेऊन बघा.

धंदा करा, जोरात करा. पण रात्री फोन वाजला तर छातीत धस्स होणार नाही, असा करा.